शिट्टीच्या आधीची तीन मिनिटं



कापसाची वेचणी जोरात असते, थंडी पडलेली असते आणि आपल्याकडं केंद्रस्तरीय क्रीडा स्पर्धांचं पत्र येतं. मग कोणाचा संघ कोणत्या ऑटोनं येणार, खिचडी कोणत्या शाळेत शिजणार, चुना कोण आणणार, मंडप कोण टाकणार, सगळ्यावर सभा होते. पंच कोण, हे बहुतेक वेळा त्याच दिवशी सकाळी मैदानावर ठरतं. "मॅडम, तुम्ही मुलींची कबड्डी घ्या." झालं. शिट्टी हातात.

मला एका सामन्याविषयी सांगायचं आहे. त्यात चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते.

आमचा भाग जिल्ह्याच्या दक्षिणेकडचा, नागपूर-हैदराबाद रस्त्यापासून आत. तिकडं पुढं गेलं की तेलंगणा. आमच्या शाळांमध्ये गावातली मुलं आहेत, तांड्यावरची आहेत, कोलाम पोडांवरची आहेत. त्या वर्षी एका पोडावरच्या शाळेचा मुलींचा संघ पहिल्यांदाच आला होता. सातच मुली होत्या, राखीव एकही नाही. कर्णधार पाचवीतली. चपळ म्हणजे किती चपळ! समोरचा संघ मोठ्या गावचा, एकसारखे टी-शर्ट घातलेला.

सामना अटीतटीचा झाला. दुसऱ्या डावात पोडाच्या संघात तीनच मुली उरल्या होत्या आणि त्या तिघींनी मिळून समोरची चढाई करणारी मुलगी मध्यरेषेच्या अलीकडंच दाबून धरली. सुंदर पकड. मी शिट्टी मारली आणि एक गुण दिला. ती कर्णधार माझ्याकडं धावत आली. "मॅडम, दोन ना? आमी तिघीच होतो. टीव्हीत तं दोन देते."

तिचं म्हणणं तुमच्या लक्षात आलं असेल. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हापासून मुलं मोबाइलवर, टीव्हीवर ती बघतात. त्यात तीन किंवा त्यापेक्षा कमी खेळाडू मैदानात असताना पकड केली तर एक गुण जास्त मिळतो. मुलं त्याला सुपर टॅकल म्हणतात, पेपरवाले अव्वल पकड म्हणतात. आमच्या स्पर्धेत तो नियम लावायचा की नाही, हे कुठंच ठरलं नव्हतं. ना सभेत, ना पत्रात, ना मैदानावर. मी माझ्या डोक्यातल्या जुन्या नियमानं एक गुण दिला आणि तिला म्हणाले, "चल, जागेवर जा, खेळ चालू ठेव." बाजूला उभे असलेले एक सर तर ओरडलेच, "पंचाशी वाद घालायचा नाही!"

ती जागेवर गेली. संघ एका गुणानं हरला.

दुपारी खिचडी खाताना शेजारच्या मैदानाचे पंच सहज बोलता बोलता म्हणाले की आज मुलांच्या सामन्यात दोन सुपर टॅकल झाले, दोनदा दोन-दोन गुण दिले. माझा घास हातातच राहिला. एकच स्पर्धा, एकच दिवस, मधे फक्त एक दोरी. इकडं एक गुण आणि तिकडं दोन! त्या मुलीच्या गुरुजींना मी जाऊन सांगितलं. ते भले माणूस. म्हणाले, "जाऊ द्या मॅडम, खेळच आहे." पण त्या मुलीनं जे म्हटलं ते मला अजून ऐकू येतं: "आमाले कोणी सांगतलंच नाही." त्याच्यात तक्रारही नव्हती. नुसती माहिती दिल्यासारखं बोलली ती.

पुढच्या वर्षी त्या शाळेचा संघ आला नाही. वेचणी असेल, गाडीखर्च असेल, मुली सहावीला दुसरीकडं गेल्या असतील. कारणं शंभर असू शकतात. पण त्यात माझ्या शिट्टीचा वाटा शून्य होता असं मला म्हणता येत नाही.

आता मुद्द्यावर येते. सामन्यानंतर निकालावरून होणारी भांडणं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. माझं मत असं झालं आहे की त्यातली निम्मी-अधिक भांडणं सामन्याच्या आधीच मिटवता येतात, आणि ती मिटवणं पंचाचं काम आहे. पंच म्हणजे शिट्टी मारणारा माणूस, एवढंच आपल्या डोक्यात असतं. डी.एड.ला असताना शारीरिक शिक्षणाच्या तासाला मला मैदान आखायला शिकवलं, गुणपत्रक भरायला शिकवलं. ‘निदान रेषा’ हा शब्द मी परीक्षेत लिहून गुणही मिळवले (मैदानावर तो शब्द बोलताना मी आजपर्यंत कोणाला ऐकलं नाही!). पण सामना सुरू व्हायच्या आधी दोन्ही कर्णधारांना जवळ बोलावून काय बोलायचं, कसं बोलायचं, हे कोणी शिकवलं नाही. प्राथमिक शाळेत आपल्याकडं वेगळे क्रीडाशिक्षक नसतात. गणित शिकवणारे आपणच, पोषण आहाराची नोंद ठेवणारे आपणच आणि पंचही आपणच.

मला याचा धागा सापडला तो भलत्याच खेळात. २०२५ च्या जूनमध्ये, शाळा उघडायच्या आधी, मी माहेरी होते. भाचा मोबाइलवर रग्बी बघत बसला होता. मुंबईत अंधेरीला रग्बी प्रीमियर लीगचे सामने चालू होते. मला त्या खेळातलं काहीच कळत नव्हतं. एका बाजूला सातच खेळाडू, म्हणजे आपल्या कबड्डीइतकेच, एवढंच ओळखीचं वाटलं. चेंडू लांबट, पास मागं द्यायचा आणि पळायचं पुढं! पण एक गोष्ट मला खिळवून गेली. रग्बीत पंचाच्या अंगावर माइक असतो आणि तो खेळाडूंशी काय बोलतो ते प्रेक्षकांना ऐकू येतं. आणि तो सारखा बोलत असतो. "हात काढ", "मागं हो", "सोड". म्हणजे चूक झाल्यावर शिट्टी मारण्याआधी चूक होऊ नये म्हणून बोलतो. आणि हे धिप्पाड गडी त्याच्याशी हुज्जत घालत नाहीत. बोलायचं असेल तर कर्णधार बोलतो.

मग मी त्याविषयी वाचत गेले. रग्बीत पंचाचं काम किकऑफच्या कितीतरी आधी सुरू होतं. तो दोन्ही संघांना भेटतो, बुटांचे खिळे आणि अंगावरचं साहित्य तपासतो, कर्णधारांना बोलावून नाणेफेक करतो. आणि एका कामासाठी मुद्दाम वेगळा वेळ देतो. त्या खेळात स्क्रम नावाचा प्रकार असतो. पंधरा खेळाडूंच्या रग्बीत दोन्ही बाजूंचे आठ-आठ जण एकमेकांना घट्ट धरून वाकतात आणि समोरच्या संघाला भिडून ढकलतात. पुढच्या रांगेतल्या तिघांची डोकी समोरच्या तिघांच्या खांद्यांमध्ये अडकलेली असतात. तो ढीग वाकडातिकडा कोसळला तर मानेला मार बसतो, आणि मानेचा मार म्हणजे काय ते सांगायला नको. म्हणून पंच सामन्याआधी त्या पुढच्या रांगेतल्या खेळाडूंना भेटतो. मी कोणते शब्द म्हणेन, कोणत्या क्रमानं म्हणेन, दोन शब्दांच्या मधे किती थांबेन, ते सांगतो. ‘क्राउच, बाइंड, सेट’ हे तीन शब्द. वाका, धरा, भिडा. २०१३ पासून हाच क्रम आहे, त्याआधी शब्द वेगळे होते.

माझ्यासाठी खरी गोष्ट पुढं होती. पंच नुसतं सांगत नाही, विचारतोही. तुमच्यापैकी पुढच्या रांगेत खेळायचं प्रशिक्षण कोणाला आहे, त्यातलं कोणी जखमी झालं तर त्या जागेवर कोण येणार, हे प्रत्येक संघानं सामन्याआधी पंचाला सांगायचं असा नियमच आहे. पुरेसे शिकलेले खेळाडू नसतील तर स्क्रममध्ये ढकलाढकली होत नाही, नुसती रचना करून चेंडू खेळात आणतात. बघा ना, पंचाला खेळाडूंविषयी काहीतरी माहीत नसतं आणि ते माहीत करून घेतल्याशिवाय सामना नीट होऊ शकत नाही, हे त्या खेळानं मान्य केलं आहे.

आपण काय करतो? कर्णधारांना बोलावतो, नाणं उडवतो, "खेळ खिलाडूवृत्तीनं खेळा, पंचांचा निर्णय अंतिम राहील" म्हणतो आणि हस्तांदोलन करायला लावतो. वीस सेकंद. त्याच्याआधी उद्घाटनाला दीड तास गेलेला असतो. शाल, श्रीफळ, दीपप्रज्वलन, वाऱ्यानं विझलेली ज्योत पुन्हा पेटवणं, सात जणांची मनोगतं. मुलं उन्हात रांगेत बसलेली. त्या दीड तासात मुलांना कळायला हवं असं एकही वाक्य बोललं जात नाही. कोणी रागावलं तर रागावू द्या, मी हे लिहिणारच.

आणि गंमत म्हणजे मुलांना ही गोष्ट आपल्यापेक्षा चांगली कळते. तुमच्या गावातल्या मुलांचं क्रिकेट सुरू व्हायच्या आधी जरा बाजूला उभं राहून ऐका. "बोरीच्या झाडाले लागला तं दोन." "गोठ्यात गेला तं आउट." "आजीच्या अंगणात गेला तं ज्यानं मारला त्यानंच आणायचा." "एक टप्पा कॅच चालते काय?" "नाही, तो बारका आहे, त्याच्यापुरती चालते." दहा-दहा मिनिटं हे चालतं. त्यांच्यात भांडण झालं तर ते याच दहा मिनिटांत होतं, नंतर फार कमी. मोठ्यांच्या क्रिकेटच्या नियमपुस्तकातही तेच आहे. नाणेफेकीच्या आधी अंपायरनी दोन्ही कर्णधारांना भेटून खेळाच्या वेळा, सीमारेषा आणि मैदानात झाडासारखा अडथळा असेल तर त्याचं काय, हे ठरवून घ्यायचं असतं. म्हणजे लंडनच्या नियमपुस्तकालाही बोरीच्या झाडाची काळजी आहे! फक्त आपल्या केंद्राच्या स्पर्धेत, जिथं मुलं सगळ्यात लहान आणि एकमेकांना अनोळखी असतात, तिथं हे कोणी करत नाही. मुलांची सवय आपण मैदानाच्या दारात काढून घेतो आणि मग म्हणतो की मुलं वाद घालतात.

माझ्या सहकाऱ्यांशी यावर बोलले तेव्हा तीन-चार उत्तरं आली. एक म्हणाले, मुलांना नियम माहीत असतात. असतात, पण प्रत्येकाला वेगळे. एक जण टीव्हीवरून शिकला, एक मोठ्या भावाकडून, एकीला तिच्या सरांनी सांगितले. पोडावरच्या मुलांच्या घरी कोलामी बोलतात, तांड्यावर गोरमाटी. आपण प्रमाण मराठीत ‘राखीव क्षेत्र’ म्हणालो की ती मान हलवतात, कारण मान हलवली की गुरुजी पुढं जातात, हे वर्गात शिकलेलं असतं. दुसरे म्हणाले, वेळ नाही. त्यांना दीपप्रज्वलनाची आठवण करून दिली. तिसऱ्या मॅडम म्हणाल्या, एकदा बोलायची संधी दिली की मुलं डोक्यावर बसतील. ही भीती मला समजते. मलाही होती. पण माझा अनुभव उलट आहे. ज्या कर्णधाराला आधी विचारायला मिळालं, तो नंतर शांत असतो, कारण कधी बोलायचं आणि कोणाशी बोलायचं हे त्याला ठाऊक असतं.

मात्र एक खबरदारी. आधी बोलायचं म्हणजे आधी धमकावायचं नव्हे. काही पंच कर्णधारांना बोलावून "जास्त हुशारी केली तर बाहेर काढीन" असं सुरुवातीलाच सुनावतात. एक पंच तर एका संघाला म्हणाले, "तुमच्याबद्दल ऐकलंय मी, तुम्ही ओढाओढी करता." म्हणजे सामना सुरू व्हायच्या आधीच आरोपपत्र! दुसरी चूक म्हणजे एका संघाला एक सांगणं आणि दुसऱ्याला दुसरं. म्हणून दोघांना एकत्र, एकाच वेळी, त्याच शब्दांत सांगायचं. आणि तिसरी चूक जास्त बोलण्याची. आपल्याला शिक्षकांना ती खोड आहेच, मी स्वतः पहिल्या वेळी पूर्ण नियमावली सांगायला लागले. चौथ्या वाक्याला एका कर्णधारानं जांभई दिली. शहाणा मुलगा.

गेल्या हंगामात मी काय केलं ते सांगते, जसंच्या तसं घ्या असं नाही. स्पर्धेच्या आधी केंद्रप्रमुख सरांकडून एकच गोष्ट ठरवून घेतली: सुपर टॅकल आणि तिसऱ्या चढाईचा नियम लावायचा की नाही. ‘नाही’ ठरलं, ते सगळ्या शाळांना व्हॉट्सॲपवर कळवलं. मैदानावर दोन्ही कर्णधार, प्रत्येकीबरोबर तिनं निवडलेली एक खेळाडू आणि दोन्ही शाळांचे शिक्षक यांना बोलावलं. शिक्षक हवेतच, कारण मैदानाबाहेरून सगळ्यात जास्त तेच ओरडतात. मग आम्ही सगळे रेषांवरून चाललो. ही मध्यरेषा, इथं पाय ठेवा. ही बोनस रेषा, समोर सहा जणी असतील तरच इथला गुण. ही लॉबी, झटापट झाल्याशिवाय इथं यायचं नाही. पाय ठेवून बघितलं की शब्द कोणताही असला तरी चालतो. नखं आणि बांगड्या, कानातले यांची तपासणी मी तिथंच करते आणि खिशात नेलकटर ठेवते. कबड्डीत नखं बारीक कापलेली हवीत आणि दागिने नकोत हा नियमच आहे, पण सामना अर्धा झाल्यावर एखादीला बांगड्या काढायला बाहेर पाठवलं तर ती बिचारी शरमेनं पुन्हा खेळतच नाही.

आणि मग विचारायचं. "तुमच्या गावात कसं खेळता? काही वेगळं आहे का?" पहिल्या सामन्यात कोणीच बोललं नाही. दुसऱ्या सामन्यात एका मुलीनं विचारलं, "मॅडम, मनातल्या मनात कबड्डी म्हटलं तं चालते काय?" मी हसणार होते, पण थांबले. टीव्हीवर बघताना खेळाडूंचा दम आपल्याला कुठं नीट ऐकू येतो? गर्दीचा आणि समालोचनाचाच आवाज असतो. तिनं जे पाहिलं त्यावरून तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. मी सांगितलं, मला स्पष्ट ऐकू आलं पाहिजे. तिनं तिथंच दोनदा म्हणून दाखवलं आणि विचारलं, "एवढ्यानं?" हा प्रश्न तिनं विचारला नसता तर पहिल्याच चढाईत मी तिला बाद दिलं असतं आणि ती का बाद झाली हे तिला कळलं नसतं. शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या कर्णधारानंही तो आवाज ऐकला. दोघींचं माप एकच झालं.

याला वेळ किती लागला? घड्याळ लावून बघितलं. तीन मिनिटं, कधी चार.

पालकांसाठी एक गोष्ट. तुम्ही वेचणीची मजुरी बुडवून सामना बघायला येता, त्याची किंमत मला माहीत आहे. दोरीबाहेरून "मॅडम, डोळे आहेत का?" असं ओरडायचा मोह होतो, तेही समजते. पण या वर्षी जरा लवकर या आणि आम्ही रेषांवरून चालतो तेव्हा दोरीजवळ उभे राहून ऐका. काही चुकीचं ठरत असेल तर तुमच्या शाळेच्या गुरुजींच्या कानात तेव्हाच सांगा. तेव्हा बदलता येतं. गुण दिल्यावर मला काहीच बदलता येत नाही, मी चुकले असले तरी.

एक प्रसंग राहिला. त्याच स्पर्धेत, मुलींच्या शेवटच्या सामन्याआधी, रेषांवरून चालून झालं, नखं तपासून झाली. मी नेहमीप्रमाणं विचारलं, "अजून काही विचारायचं आहे का?" एका संघाची कर्णधार गप्प होती. तिच्याबरोबर आलेली दुसरी मुलगी, बारीकशी, दोन वेण्या घातलेली, तिनं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "मॅडम, तुम्ही यायच्याच शाळेच्या ना?"

समोरचा संघ माझ्याच शाळेचा होता. तिच्या शिक्षकांनी तिला डोळ्यांनी दटावलं. मी म्हटलं, "हो, यांच्याच शाळेची." सगळ्या गप्प झाल्या. मुलांच्या मैदानावर बसलेल्या सरांना मी हाक मारली, त्यांच्या हातात माझी शिट्टी दिली आणि त्यांच्या जागी गुणपत्रक लिहायला जाऊन बसले. सरांनी मुलींना पुन्हा एकदा रेषांवरून चालवलं. सामना सात मिनिटं उशिरा सुरू झाला.